भोक बोल्टाचं, डाग पंख्यापाशी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चिपळूणहून ताईचा फोन आला. मार्चमध्ये गच्चीवर सोलर बसवलं, बिल जवळजवळ शून्यावर आलं आणि आता हॉलच्या छताला पंख्याच्या वाटीभोवती चहाच्या रंगाचा डाग पडलाय. दाजींच्या मते सोलरचा यात काही संबंध नाही, कारण सांगाड्याचा सगळ्यात जवळचा पाय डागापासून सहा फुटांवर आहे. बसवणारेही तेच म्हणाले, वर "सगळीकडे सिलिकॉन मारलंय" असंही सांगून गेले.

दोघांच्या बोलण्यामागे एकच समजूत आहे: पाणी जिथे शिरतं तिथूनच सरळ खाली येतं आणि भोक बुजवलं की विषय संपला. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागलं, तेव्हापासून गल्लोगल्ली गच्च्यांवर सांगाडे उभे राहतायत. तीन किलोवॅटचे साधारण सहा पॅनल, आठ पाय, प्रत्येक पायाच्या पट्टीला चार बोल्ट. म्हणजे पावसात उघड्या पडलेल्या गच्चीला ३२ भोकं.

मुळात बोल्ट हवेत कशाला? पॅनल पडू नये म्हणून नव्हे, उडू नये म्हणून. एक मोठा पॅनल २८ किलोच्या आसपास भरतो, पण त्याचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या वर असतं. आपलं भारतीय मानक मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतं. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दाब मिळतो, इथे चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन. हाच दाब खालून लागला, तर एका पॅनलला वर उचलणारा जोर जवळपास ३०० किलो वजनाइतका होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडकडे घरांचे पत्रे कसे उडाले, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे गणित सांगावं लागणार नाही.

ताईच्या गच्चीवर गेलो आणि एका पायाचा बोल्ट काढायला लावला. चार इंची बोल्टाबरोबर विटेचा लाल भुगा वर आला. म्हणजे बोल्ट स्लॅबपर्यंत पोचलाच नव्हता, तो कोब्यातच होता. स्लॅबवर आधी सिमेंटचा जलरोधक थर, त्यावर उतार देऊन बसवलेले विटांचे तुकडे आणि वर चौकटी आखलेला घोटाई केलेला थर, असा आपला कोबा. त्यात रोवलेल्या बोल्टाला वाऱ्यापुढे धड जोर नसतो, आणि पाण्याला मात्र सच्छिद्र विटांचं आयतं घर मिळतं. आत शिरलेलं पाणी स्लॅबच्या पाठीवरून उताराने सरकत राहतं आणि पहिली कमजोर जागा सापडली की खाली उतरतं. ताईकडे ती जागा म्हणजे पंख्याच्या हुकाची आणि वायरच्या पाइपाची.

पण सिलिकॉन मारलेलं असताना पाणी शिरलंच कसं? इथे माझा आवडता विषय येतो, केशाकर्षण. शाळेत बारीक नळीत पाणी चढताना आपण पाहिलंय. काँक्रीटला पाणी आवडतं, ते भिंतीला बिलगतं आणि पृष्ठताणामुळे मागचं पाणी ओढून घेतं. दोन समांतर भिंतींच्या फटीत हे किती चढेल? वर ओढणारा जोर पृष्ठताणाच्या दुप्पट गुणिले फटीची लांबी. खाली खेचणारं वजन म्हणजे चढलेल्या पाण्याचं. दोन्ही सारखे मांडले की लांबी कटते आणि उरतो एक सुटसुटीत नियम: १५ ला फटीच्या रुंदीने भागा, दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये. एक मिलिमीटरची फट पाणी दीड सेंटिमीटर चढवते. ०.१ मिलिमीटरची, जी डोळ्याला जेमतेम दिसते, ती १५ सेंटिमीटर! फट जितकी बारीक, तितकी ओढ जास्त. आणि हे उभ्या फटीचं झालं. आडव्या फटीत गुरुत्वाकर्षण आडवं येतच नाही, तिथे पाणी वेग मंदावत का होईना, सरकतच राहतं. ठोकणाऱ्या ड्रिलने भोकाभोवती पडलेल्या केसासारख्या भेगा नेमक्या याच मापाच्या असतात. सिलिकॉन बोल्टाच्या डोक्याभोवती होतं, भेगा त्याच्या बाहेर.

उलट, भिंतीला पाणी आवडत नसेल तर फट पाण्याला आत घेण्याऐवजी बाहेर ढकलते. अळवावरचं पाणी म्हणतो ते हेच. सिलेन नावाची रसायनं काँक्रीटचं अळूचं पान करतात, पण भेग रुंद असली किंवा वर पाणी तुंबलं तर अळूचंही काही चालत नाही. त्यामुळे "नॅनो कोटिंग, आयुष्यभर गॅरंटी" असली पत्रकं वाचून हुरळून जाऊ नये. तसंच, गच्चीचा उतार ईशान्येलाच हवा म्हणून वास्तुवाल्याने ताईच्या शेजाऱ्यांचा कोबा दोनदा करून घेतला. पाण्याला ईशान्य कळत नाही, उतार कळतो. पॅनलचं तोंड मात्र दक्षिणेला हवं, कारण आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो.

मग करायचं काय? भोक बुजवण्यापेक्षा भोक पाण्याच्या वर न्यायचं. पायाच्या जागी कोबा फोडून स्लॅबपर्यंत जायचं, स्लॅब खरवडून त्यात रासायनिक चिकटवणीने सळ्या बसवायच्या आणि फूटभर उंचीचा काँक्रीटचा गट्टू ओतायचा. नुसता वर ठेवलेला गट्टू पुरत नाही. एक फुटाचा ठोकळा साठ-पासष्ट किलोच भरतो, आठ मिळून पाचशे, आणि वाऱ्याचा हिशोब वर केलाच आहे. मग जलरोधक थर गट्टूच्या बाजूंवर किमान सहा इंच उंच चढवायचा आणि तळाशी, गवंडी ज्याला वाटा म्हणतात, ती सिमेंटची गोलाई द्यायची, म्हणजे कोपऱ्यात थर तुटत नाही. सहा इंच म्हणजे तेच १५ सेंटिमीटर. वाऱ्याचा ११६० चा दाबही पाणी बारा सेंटिमीटरच चढवू शकतो.

पत्र्याचं छप्पर असेल तर स्क्रू नळीच्या उंचवट्यावर, खोलगटात कधीच नाही, आणि वायसर ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचा. साध्या रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात, हवेतला ओझोन ते तोडतो आणि रबर तडकतं. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत ते बंधच नसतात. स्क्रू मात्र वायसर बाहेर फुगेपर्यंत आवळायचा नाही.

ताईकडे दिवाळीनंतर आठही पाय नव्याने बसवले. बसवल्यावर पाण्याची वाट बंद करून गच्चीवर इंचभर पाणी ४८ तास तुंबवून ठेवलं. ही चाचणी सांगाड्याआधी एकदा आणि नंतर एकदा करावी, आणि शेवटचा हप्ता दुसऱ्या चाचणीनंतरच द्यावा. पन्हाळीच्या तोंडात कोंबलेलं फडकं काढायचं तेवढं लक्षात ठेवा. आम्ही विसरलो होतो, आणि त्याच रात्री अवकाळी पाऊस आला.