युरोपातली हॉटेले, इस्पितळे आणि बायोगॅस: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

हॉटेल, वसतिगृह किंवा इस्पितळासाठी बायोगॅस संयंत्राच्या, म्हणजे खरकटे टाकीत कुजवून गॅस करण्याच्या, चौकशीला येणारे ग्राहक हमखास विचारतात, "युरोपात हे कसे चालते?" म्हणून हे माहितीपत्रक.

तिकडे भटारखान्यामागे सहसा टाकी नसते. खरकटे गाडीने मोठ्या संयंत्रात जाते आणि गॅस सगळ्या शहराच्या कामी येतो. स्वीडनमधल्या लिंकोपिंगच्या शहर बस २००२ पासून बायोगॅसवर धावतात. तिथे घरोघरी खरकटे हिरव्या पिशवीत बांधून नेहमीच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकतात. पुढे पट्ट्यावर कॅमेरा रंग ओळखतो आणि तेवढ्या पिशव्या बाजूला निघतात. हॅम्बुर्गचे सांडपाणी केंद्र गाळातून गॅस काढून स्वतःची गरज भागवते, वर शुद्ध केलेला गॅस शहराच्या वाहिनीत सोडते. जर्मनीतल्या युंडे गावात २००५ पासून शेण आणि पिकांच्या गॅसवर इंजिन चालते. वीज विकली जाते आणि इंजिनाच्या उष्णतेवर तापलेले पाणी नळ्यांतून घरोघरी जाते.

नियम कडक का?
२००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली. डुकरांना न उकळता घातलेल्या खरकट्यातून ती सुरू झाल्याचा निष्कर्ष निघाला, आणि जनावरांना खरकटे घालण्यावर बंदी आली. मग ते खरकटे बायोगॅस संयंत्राकडे वळले. पण स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर उरणारा पातळ गाळ, शेतात जाते, म्हणून युरोपीय संघाचा साधारण नियम असा: मांस-मच्छी असलेल्या कचऱ्याचे तुकडे १२ मिलिमीटरहून मोठे नकोत आणि तो ७० अंशांवर सलग एक तास तापवायचा. आम्हाला हा नियम फार मोलाचा वाटतो. २०२४ पासून ओला कचरा वेगळा गोळा करणे किंवा जागीच जिरवणे हेही तिथे बंधनकारक आहे.

कच्च्या गॅसमध्ये मिथेन, म्हणजे जळणारा भाग, साधारण ५० ते ६५ टक्के असतो. शेगडीला तेवढा पुरतो, फक्त पाण्याची वाफ आणि हायड्रोजन सल्फाइड काढावे लागते. बससाठी मात्र कार्बन डायऑक्साइडही काढून मिथेन ९५ टक्क्यांच्या वर न्यावा लागतो. तो खर्च मोठ्या संयंत्रालाच झेपतो.

आपल्याकडे काय करावे?
टाकीत गॅस तयार करणाऱ्या जिवाणूंना ३५ ते ४० अंश मानवतात. स्वीडनच्या थंडीत त्यासाठी टाकी सतत तापवावी लागते. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी वर्षातला बराच काळ ते काम हवाच करते, म्हणून भटारखान्यामागची लहान टाकी इथे परवडते. शंभर किलो खरकट्यातून साधारण दहा घनमीटर गॅस, म्हणजे चार-साडेचार किलो एलपीजीचे काम.

युरोपाकडून घ्यायची ती वर्गीकरणाची शिस्त. प्लास्टिकचे चमचे, हाडे, नारळाच्या करवंट्या टाकीत गेल्या की तोंड तुंबते आणि आठवडाभराचा गॅस जातो. भांडी घासणाऱ्या मावशींना हे नीट समजावून सांगा. संयंत्र खरे तर त्यांच्याच हातात असते.

दर विचारण्याआधी आठवडाभर रोजचा ओला कचरा वजनकाट्यावर तोलून लिहून ठेवा. टाकीचा आकार त्यावरूनच ठरतो.