मुद्रणदोष (नागपूर)

मूळ मजकुरात नसलेली, पण जुळणी, पानबांधणी किंवा छपाई होताना शिरलेली चूक म्हणजे मुद्रणदोष. मराठीत तिला 'मुद्राराक्षसाचा प्रताप' म्हणतात. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकातला राक्षस हा नंदांचा अमात्य आणि मुद्रा ही त्याची अंगठी. मराठीने ते नाव श्लेषाने छापखान्यात आणले. लेखकाच्या स्वतःच्या चुकाही सर्रास याच राक्षसाच्या माथी मारतात. मजकुराची जुळणी करणाऱ्या जुळाऱ्यावर हा अन्याय आहे.

चूक लहान असली तरी अर्थ पार फिरतो. १६३१ साली लंडनमध्ये छापलेल्या बायबलात 'व्यभिचार करू नको' या आज्ञेतला नकारच गळला आणि मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या काळात छापून झालेले खिळे केसमध्ये, म्हणजे अक्षरवार घरे असलेल्या खणात, परत टाकताना 'घ'च्या घरात 'ध' पडला, की पुढच्या मजकुरात 'घन'चे 'धन' होई. संगणकावर चुकांची जात बदलली. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना 'ऱ्य' मोडतो आणि 'आचाऱ्यांना' बोलावणे 'आचार्यांना' जाते.

नागपूरची खरी अडचण वेगळी आहे. १९५६ पर्यंत हे शहर मराठी-हिंदी अशा द्विभाषिक राज्याची राजधानी होते आणि आजही दोन्ही भाषा इथे एकाच लिपीत, अनेकदा एकाच हाताने जुळवल्या जातात. सकाळी हिंदी पत्रक, दुपारी मराठी लग्नपत्रिका. मग गोळीबार चौकाचा 'गोलीबार चौक' होतो, महाल भागातल्या तुळशीबागेची 'तुलसीबाग', टिळक पुतळ्याचा 'तिलक पुतला'. हिंदी मजकुरात ही रूपे बरोबरच आहेत, म्हणूनच मराठीत ती डोळ्याला खटकत नाहीत. 'की'चा 'कि' होतो तोही याच वाटेने. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर शब्द विद्रूप दिसतो. 'ळ' गेला तर ठिकाणाचे मराठी नावच जाते. नागपुरात ही चूक सर्वांत गंभीर मानायला हवी.

लग्नपत्रिका हे मुद्रणदोषांचे हक्काचे घर. 'आशीर्वाद'चा 'आशिर्वाद' होतो, 'चि. सौ. कां.'वरचा अनुस्वार उडतो. 'पाणिग्रहण'चे 'पाणीग्रहण' झाले की हाताऐवजी पाणी हाती येते. प्रूफ आता व्हॉट्सॲपवर येते. घरची मंडळी आधी निमंत्रकांच्या नावांचा क्रम पाहतात, कोणा काकांचे नाव राहिले का ते तपासतात, आणि तारखेशी वार जुळतो का हे पाहायचे राहून जाते. ती चूक महागात पडते: पत्रिका पुन्हा छापा, नाहीतर प्रत्येकीवर पट्टी चिकटवा.

जुन्या छापखान्यांत मुद्रिते, म्हणजे प्रुफे, दोघे मिळून तपासत. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाची, 'पहिली वेलांटी', 'दुसरा उकार' असे सांगत. दुसरा ओळीवर बोट ठेवून समासात खुणा करी. जाणता डोळा अक्षरे नव्हे, अख्खा शब्द वाचतो, म्हणून एकट्याने तपासताना चुका निसटतात. संगणक आल्यावर अनेक ठिकाणी मुद्रितशोधकाचे काम जुळणी करणाऱ्याकडेच आले. हा बदल मराठीला मानवलेला नाही.

पुस्तक छापून झाल्यावर सापडलेल्या चुकांसाठी शुद्धिपत्र जोडतात: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. त्याचे शीर्षकही पुष्कळदा 'शुद्धीपत्र' असे छापलेले आढळते. सामासिक शब्दात 'शुद्धि' ऱ्हस्वच राहतो. 'पाणिग्रहण'लाही हाच नियम लागू आहे.