वीजजाळ्याची वादळक्षमता

वादळ, पूर, उष्णता किंवा हिमवृष्टी यांच्या आघातात वीजपुरवठा टिकवून धरण्याची, आणि तो खंडित झालाच तर थोडक्या वेळात पूर्ववत करण्याची वीजजाळ्याची (ग्रीडची) क्षमता. यासाठी रूढ झालेल्या ‘रेझिलियन्स’ या संज्ञेच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. काही अभ्यासक ती पदार्थांच्या बलशास्त्राकडे नेतात. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आघात पचवून पूर्वस्थितीत येण्याचा गुण तिने दर्शविला जात असे. इतर काही जण परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांच्या १९७३ च्या निबंधाकडे बोट दाखवतात; तेथे धक्के व बदल सोसूनही व्यवस्था टिकून राहणे असा तिचा अर्थ आहे. जाळ्याचे काही भाग मोडूनही पुरवठा चालू राहणे महत्त्वाचे असल्याने येथे दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग २० टक्क्यांनी वाढला की दाब ४४ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे संकल्पनासाठी (डिझाइनसाठी) कोणता वेग धरायचा, हा कळीचा प्रश्न ठरतो. वाऱ्याच्या भारासंबंधीच्या भारतीय मानक ८७५ (भाग ३) मधील वेग ३ सेकंदांच्या झोताचा असून मुंबईसाठी तो सेकंदाला ४४ मी., म्हणजे ताशी सु. १५८ किमी. आहे. पारेषण मनोऱ्यांच्या मानक ८०२ मध्ये हाच वेग १·३७५ ने भागून १० मिनिटांच्या सरासरीवर आणतात. तो ताशी सु. ११५ किमी. भरतो. भारतीय हवामान विभाग मात्र चक्रीवादळाचा वेग ३ मिनिटांच्या सरासरीने सांगतो. सरासरीचा कालावधी न पाहता हे आकडे शेजारी ठेवल्यास मनोऱ्याच्या ताकदीविषयी चुकीचा निष्कर्ष निघतो, आणि अशी गल्लत अनेकदा होते.

३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाचा वेग ताशी सु. ११० ते १२० किमी. होता. कोकणात लघुदाब वाहिन्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जातात. माड तारेवर कोसळला की आधी तार खाली खेचली जाते. ती तुटली नाही तर तिच्या ताणाने शेजारचे सिमेंटचे खांब बुंध्याशी मोडत जातात. म्हणून खांबाची मजबुती वाढवण्याइतकेच ठरावीक अंतरावर ताण अडवणारे खांब उभारणे, फांद्या वेळेवर छाटणे आणि खांब, तारा व रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) तालुक्याच्या ठिकाणी आधीच साठवून ठेवणे आवश्यक असते. पावसाळ्याच्या तोंडावर होणारी ही कामे दुय्यम मानू नयेत.

भूमिगत वाहिन्या हा उपाय राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून अलिबागसाठी हाती घेण्यात आला. २०१४ च्या हुदहुद वादळानंतर विशाखापट्टणमनेही तोच मार्ग स्वीकारला. मात्र जांभ्यात चर खणणे खर्चिक असते. केबलमधील दोष शोधण्यास वेळ लागतो, आणि जमिनीलगतच्या स्विच-पेट्या पुरात बुडू शकतात. चिपळूणमधील २०२१ च्या पुरासारख्या प्रसंगाचा विचार करता उपकेंद्रांचे जोते पूररेषेच्या वर घेणे ही भूमिगत वाहिन्यांइतकीच निकडीची बाब आहे.

किनाऱ्यावर इन्सुलेटरवर (तारेतील वीज खांबात उतरू न देणाऱ्या वीजरोधकावर) साचणारे मीठ दमट हवेत ओलावून वीज झिरपवते. त्यावर धुलाई व सिलिकॉन रबराचे इन्सुलेटर हे उपाय आहेत. उष्णतेने तारांना झोळ येतो आणि त्यांची वहनक्षमता घटते. थंडीच्या बाबतीत अमेरिकेतील टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेत वीजपुरवठा कोलमडल्याचे उदाहरण महत्त्वाचे असून तेथे तारांपेक्षा गोठलेली वीजनिर्मिती केंद्रे व वायुपुरवठा अधिक कारणीभूत ठरले.