रोजचे कार्ड आणि पालकांची सही: घर-शाळा सहकार्याची पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांच्या वर्तनाबाबत घर आणि शाळा यांना जोडणाऱ्या योजनांत दोन कागद हमखास सापडतात. एक, मुलाने रोज घरी न्यायचे छोटे कार्ड. दुसरा, पालकांनी वाचून सही करायचे निवेदन. पहिला वर्तनशास्त्राच्या प्रयोगांतून आला, दुसरा कायद्यातून. मसुदे तयार करणारे मात्र दोन्ही एकाच पिशवीत घालतात आणि बहुतेक वेळा दुसऱ्यालाच जास्त पाने देतात.

त्याआधीचा काळ थोडक्यात आटोपता येतो. १७६५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लिश कायद्यावरील एका भाष्यात, वडील आपल्या अधिकाराचा काही भाग शिक्षकाकडे सोपवतात आणि त्यात शासन करण्याचा अधिकारही येतो, अशी मांडणी होती. छडी हाताशी असेपर्यंत घराला विचारायचे कारणच नव्हते. ही मांडणी कोर्टात अडखळली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९७६ साली स्कॉटलंडमध्ये एका १५ वर्षांच्या मुलाने शाळेतून घरी जाताना मनाई असलेल्या, दफनभूमीतून जाणाऱ्या वाटेने जायचा प्रयत्न केला. शिक्षा म्हणून हातावर चामडी पट्टा घ्यायला त्याने वडिलांच्या सांगण्यावरून नकार दिला, तेव्हा त्याला निलंबित केले गेले. १९८२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निर्णय पालकांच्या बाजूने दिला: शारीरिक शिक्षेला असलेला त्यांचा तात्त्विक विरोध शाळेला डावलता येणार नाही. पुढे १९८६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने सरकारी शाळांतील शारीरिक शिक्षा बंद करण्याचा प्रस्ताव २३१ विरुद्ध २३० मतांनी मंजूर केला. बंदी १९८७ पासून लागू झाली. एका मताने छडी गेली, पण तिच्या जागी काय आणायचे हे त्या कायद्यात नव्हते.

उत्तराचा एक भाग अमेरिकेत आधीच तयार होता. १९७० साली कॅन्ससमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुन्हेगारीकडे झुकू लागलेली काही मुले उन्हाळी गणिताच्या वर्गात रोज एक कार्ड घेऊन येत. शिक्षकाने दोनच गोष्टींवर होय किंवा नाही अशी खूण करायची: पूर्ण तास अभ्यास केला का, आणि वर्गाचे नियम पाळले का. सगळे ‘होय’ असतील तर त्या दिवशी घरी सवलती मिळत. एक ‘नाही’ आले तरी सगळ्या जात. बक्षीस शाळेबाहेर देऊनही वर्गातले वर्तन सुधारते, हे त्यातून दिसले. आज हा प्रयोग सांगताना एक तपशील बहुधा गाळला जातो. त्यातले ‘घर’ म्हणजे आईवडिलांचे घर नव्हते. कुटुंबासारखे चालवलेले ते पुनर्वसन केंद्र होते आणि सवलती देणारी माणसे त्यासाठी प्रशिक्षित होती. पुढे हीच पद्धत सामान्य घरांत गेली, तेव्हा प्रशिक्षणाचा भाग गळला आणि नुसते कार्ड उरले.

पद्धत नीट वापरली तर आजही टिकते. फक्त ती बारकाव्यांवर उभी आहे. लक्ष्ये तीन ते पाच, आणि मोजता येतील अशीच. ‘नीट वागला’ हे लक्ष्य होत नाही. ‘तासात न विचारता तीनपेक्षा जास्त वेळा जागेवरून उठला नाही’ हे होते. सुरुवातीला पाचेक शाळेचे दिवस काहीही न बदलता नुसती मोजणी करायची. मूल सरासरी दहा वेळा उठत असेल तर पहिली मर्यादा आठची ठेवायची, थेट शून्याची नाही. पहिल्या आठवड्यात बहुतेक दिवस यश मिळाले नाही तर कार्ड दप्तराच्या तळाशीच राहते. खूण तास संपताच करायची. दिवसअखेर एकदम सगळे रकाने भरले तर शेवटच्या तासातला वैताग सकाळच्या रकान्यांतही उतरतो. घरचे बक्षीस त्याच संध्याकाळी, छोटे आणि आधी ठरवलेले: खेळायला जास्तीची पंधरा मिनिटे, रात्रीची गोष्ट निवडायचा हक्क. रविवारी काहीतरी मोठे देऊ म्हटले की लहान मुलांच्या बाबतीत मंगळवारपर्यंत सगळे ढासळते. कार्ड हरवले तर त्या दिवशीचे बक्षीस नाही, पण बोलणीही नाहीत. वाईट खुणा पाहून पालकांनी वरून आपली शिक्षा जोडली तर मूल पुढच्या वेळी कार्ड मुद्दाम हरवते. वर्तन स्थिरावले की रोजचे कार्ड आठवड्यावर न्यायचे. १९७० च्या प्रयोगातही हे हळूहळू केले गेले आणि फारसे नुकसान झाले नाही.

बक्षिसांवर आक्षेप लवकरच आला. १९७३ च्या एका अभ्यासात, आवडीने चित्रे काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी प्रमाणपत्राचे आश्वासन दिले, तर नंतर त्यांचा चित्रे काढण्यातला रस घटला; अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांचा घटला नाही. तो अभ्यास मुळातच गोडी असलेल्या कामाबद्दलचा होता. बाकावर शांत बसण्याची गोडी कुणाला असते? तरी वाद अजून चालू आहे.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या अपंग विद्यार्थ्यांविषयीच्या कायद्यात सकारात्मक वर्तन-साहाय्याचा, म्हणजे शिक्षेवर भर न देता चांगले वर्तन शिकवून ते उचलून धरण्याचा, उल्लेख आला आणि त्यानंतर शाळाभर एकच चौकट राबवण्याची पद्धत पसरली: तीन ते पाच अपेक्षा, सगळ्यांसाठी मदतीची एक पातळी, काहींसाठी दुसरी, थोड्यांसाठी तिसरी. कुटुंब या चौकटीत उशिरा आले. सुरुवातीच्या वर्षांत नियमांचे पत्रक घरी धाडले की सहकार्य झाले, असे मानले जाई. सकाळची तयारी, गृहपाठ, झोपेची वेळ असे घरचे रकाने पालकांनी स्वतः भरायचा तक्ता नंतरचा.

इंग्लंडने त्याच सुमारास उलटा रस्ता धरला. १९९८ च्या कायद्याने सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांना घर-शाळा करार सक्तीचा केला. अंमल सप्टेंबर १९९९ पासून. मजकुरात चार गोष्टी हव्या होत्या: शाळेची उद्दिष्टे व मूल्ये, शाळेच्या जबाबदाऱ्या, पालकांच्या जबाबदाऱ्या, आणि विद्यार्थ्यांच्या वर्तनाबाबतच्या अपेक्षा. मसुदा ठरवण्याआधी पालकांशी सल्लामसलत बंधनकारक होती. सही मिळवण्यासाठी शाळेने वाजवी प्रयत्न करायचे होते. पण त्याच कायद्यात असेही होते, की प्रवेश मिळण्याआधी सही मागता येणार नाही, सही न करणाऱ्याच्या मुलाला काढता येणार नाही आणि करार मोडला म्हणून कुणावर कायदेशीर दायित्व येणार नाही. म्हणजे शाळेने करार करणे सक्तीचे, पालकाने सही करणे ऐच्छिक आणि करार पाळणे कुणावरच बंधनकारक नाही.

समर्थक म्हणत, दंडाचे कलम मुद्दामच ठेवलेले नाही. बोलणे सुरू व्हावे एवढाच हेतू आहे. हा युक्तिवाद कागदावर ठीक होता. व्यवहारात सल्लामसलतीचा टप्पा सगळ्यात आधी आक्रसला, कारण तो वेळखाऊ. तयार नमुना घ्यायचा, वर शाळेचे नाव टाकायचे आणि प्रवेशाच्या बाकी कागदांबरोबर घरी पाठवायचा, हे सोपे. मजकुराचा तोलही ढळला: पालकांची वाक्ये नेमकी (वेळेवर पाठवू, गणवेश घालू, गृहपाठ बघू), शाळेची मोघम (प्रयत्नशील राहू, कळवत राहू). मग तंटा उभा राहिला की फाइल उघडून ‘तुम्ही सही केली होती’ म्हणायला तो कागद बाहेर यायचा. ज्यांच्याशी बोलणे खरोखर गरजेचे होते त्या पालकांची सही बहुधा नसायचीच, आणि असली तरी तिचा उपयोग नव्हता.

२००३ च्या दुसऱ्या एका कायद्याने गुंता वाढवला. गैरहजेरी किंवा निलंबनाच्या प्रकरणांत पालकांशी वेगळा करार करता येऊ लागला, आणि न्यायालयाकडून पालकत्वाचा आदेशही (पालकांना मार्गदर्शन वर्गाला जाणे वगैरे बंधनकारक करणारा) मागता येऊ लागला. पहिला करार सगळ्यांसाठी आणि निरुपद्रवी, दुसरा थोड्यांसाठी आणि मागे कोर्ट उभे असलेला. दोन्हींचे नाव जवळपास सारखे असल्याने अनेक पालकांना पहिल्यातही दुसऱ्याचाच वास येऊ लागला. अखेर जानेवारी २०१६ मध्ये घर-शाळा कराराची सक्ती उठली. ज्या शाळांना हवा त्या तो आपल्या मर्जीने अजूनही वापरतात.

सध्याचा वाद मोबाइलवरचा आहे. वर्तनाचे गुण शिक्षकाच्या हातून थेट पालकांच्या फोनवर नेणारी अ‍ॅप २०१० नंतर पसरली. कार्डाचा वेग त्यांनी वाढवला, पण कार्डाच्या दोन अटी मोडल्या. गुण वर्गातल्या पडद्यावर सगळ्यांसमोर दिसू लागले. आणि दुपारी वजा गुण पडला की मूल घरी पोहोचायच्या आधीच बातमी पोहोचलेली असते, त्यामुळे शाळेत मिटलेल्या गोष्टीची संध्याकाळी दुसऱ्यांदा शिक्षा होते. काही शाळांनी पडदा बंद करून वजा गुणांची सूचना थांबवली आहे आणि घरी फक्त दिवसअखेरचा गोषवारा जातो. तोही त्या दिवशी एकतरी चांगली नोंद असल्याशिवाय धाडायचा नाही, असा नियम त्यांनी केला आहे.