'गातो'पासून 'मी'पर्यंत

३ जानेवारीला शाळाशाळांतून एखादी चिमुरडी नऊवारी नेसून, ठसठशीत कुंकू लावून उभी राहते आणि म्हणते, "मी सावित्री जोतिराव फुले." त्यात आता कुणाला नवल वाटत नाही. पण थोरांची कथा सांगणाऱ्याने स्वतःच ती व्यक्ती होऊन बोलायचं, ही आपल्याकडची जुनी रीत नव्हे.

जुनी रीत शाहिराची. १६५९ मध्ये अफझलखान मारला गेला, त्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आज मिळणाऱ्या सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी एक. डोक्याला फेटा, हातात डफ, मागे तुणतुणं आणि 'जी जी' ओढणारे झीलकरी. वेश आहे, पण तो शाहिराचा, महाराजांचा नव्हे. जोतिरावांनी १८६९ मध्ये शिवरायांवर पवाडा लिहिला, त्याचं पालुपदच 'कुळवाडीभूषण पवाडा गातो भोसल्याचा'. गाणारा एक आणि ज्याचं गातो तो दुसरा, हे अंतर त्या एका ओळीतच आहे.

कीर्तनकार थोडा पुढे सरकला. उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या कथा सांगायच्या उत्तरार्धात, आख्यान रंगलं की उपरणं कमरेला आवळायचं, क्षणभर मावळा व्हायचं आणि उपरणं सोडून पुन्हा बुवा. राष्ट्रीय कीर्तनांनी शिवचरित्र असंच घरोघर नेलं. (मला अजूनही ही ये-जा पूर्ण वेशांतरापेक्षा जास्त भावते.) ऐतिहासिक नाटकांत राजे आले, संवाद बोलू लागले, पण तिथे गोष्ट सांगणारा उरला नाही. 'जाणता राजा'त तर हत्ती-घोडेही आले.

सांगणारी आणि जिची गोष्ट ती, या दोघी एकाच लुगड्यात आल्या १९८९ मध्ये. सुषमा देशपांडे यांनी 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग लिहिला आणि स्वतः उभा केला. बाकी पात्रं नाहीत. एकटी बाई प्रेक्षकांशी थेट बोलते, आणि नावातला तो 'व्हय' आधीच सांगून टाकतो की ही पुस्तकी बोलणार नाही. जोतिरावांच्या 'गातो'ला तेव्हा १२० वर्षं झाली होती.

हा 'मी' सावित्रीबाईंच्या तोंडी शोभतो, कारण त्यांचा स्वतःचा आवाज कागदावर शिल्लक आहे. 'काव्यफुले' हा त्यांचा कवितासंग्रह १८५४ चा. जोतिरावांना लिहिलेली पत्रं आहेत. त्यांतलं १८६८ चं नायगावहून धाडलेलं: गावकरी एका ब्राह्मण तरुणाला आणि त्याच्यापासून दिवस गेलेल्या अस्पृश्य मुलीला मारायला निघाले होते, तेव्हा आपण धावत जाऊन मध्ये पडलो, असं त्या नवऱ्याला कळवतात.