कुणाचं कुणावाचून अडतं?

देशाची ताकद पोलादावरून मोजतात, असं बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीवाल्याला सांगितलं तर तो खूश होईल. ही थट्टा नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जे. डेव्हिड सिंगर यांनी १९६३ साली युद्धांचा शास्त्रशुद्ध हिशेब मांडायला घेतला, आणि त्या प्रकल्पातून राष्ट्रांच्या क्षमतेचा एक निर्देशांक निघाला. त्यात सहाच गोष्टी धरतात: एकूण लोकसंख्या, शहरी लोकसंख्या, लोखंड-पोलादाचं उत्पादन, ऊर्जेचा वापर, लष्करी खर्च आणि सैनिकांची संख्या. प्रत्येकात त्या देशाचा जगातला वाटा काढायचा, सहाही वाट्यांची सरासरी घ्यायची, झालं.

सोपं आहे, पण गोची बघा. २०२३ साली जगात साधारण १८९ कोटी टन पोलाद तयार झालं. त्यातलं १०२ कोटी टन एकट्या चीनचं, अमेरिकेचं जेमतेम आठ कोटी. लोकसंख्येतही चीन चौपट. पोलाद आणि माणसं यांच्याच जोरावर या मापाने चीनने अमेरिकेला १९९० च्या दशकातच मागे टाकलं! तेव्हा असं कुणी म्हणालं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. मायकेल बेकली या अभ्यासकाने यावर २०१८ मध्ये तोडगा सुचवला: देशाच्या एकूण उत्पन्नाला दरडोई उत्पन्नाने गुणा, म्हणजे नुसत्या खोगीरभरतीचे गुण मिळणार नाहीत.

तरी मूळ प्रश्न राहतोच. अंगात बळ असणं वेगळं आणि दुसऱ्याकडून आपल्या मनासारखं करून घेणं वेगळं. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांनी १९५७ मध्ये याची व्याख्या केली, तिच्यापुढे अजून फारसं कुणी गेलेलं नाही: ‘ब’ने एरवी जे केलं नसतं ते ‘अ’ने त्याच्याकडून करून घेतलं, तर ‘अ’ची ‘ब’वर सत्ता. पण एरवी काय झालं असतं, हे पाहायचं कुठल्या दुर्बिणीतून?

म्हणून अभ्यासक प्रभावाऐवजी अवलंबित्व मोजतात. ते समजायला बेळगावहून गोव्याला उतरणारा आपला चोर्ला घाट पुरे. गोव्याच्या ताटातली भाजी मुख्यत्वे बेळगावच्या मार्केटमधून जाते. घाट बंद पडला की म्हापसा-पणजीत कोबी-टोमॅटोचे भाव चढतात. पण इकडे अडत्यालाही घाम फुटतो, कारण भरलेल्या टेम्पोतली कोथिंबीर काही परवापर्यंत थांबत नाही. म्हणजे मापं दोन झाली. गाड्या किती जातात हे एक. त्या थांबल्या तर कुणाला दुसरा बाजार लवकर सापडतो, हे दुसरं, आणि खरी मेख तिथे आहे.

ही मेख अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी आकड्यांत पकडली. हे बर्लिनचे, हिटलर आल्यावर १९३३ मध्ये देश सोडून गेले. १९३८ साली बल्गेरियाचा निम्म्याहून अधिक व्यापार जर्मनीशी होता, पण जर्मनीच्या व्यापारात बल्गेरियाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत. व्यवहार तोच, पण एकाच्या गळ्याला फास आणि दुसऱ्याला त्याचं सुतकही नाही. मार्च १९४१ मध्ये बल्गेरिया जर्मनीच्या गोटात गेला. शेजारच्या युगोस्लावियाचाही सगळ्यात मोठा व्यापार जर्मनीशीच होता. त्यानेही २५ मार्चला जर्मनीच्या गोटात जायच्या करारावर सही केली, आणि दोनच दिवसांत लष्कराने ते सरकार उलथवलं. आकड्यांनी दोघांचं भविष्य जवळपास सारखंच सांगितलं असतं. (आणि भाजी आपली खातो म्हणून म्हादई नदीच्या पाणीतंट्यात गोव्याने कधी माघार घेतल्याचं ऐकलंय?)

अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठाची पार्डी संस्था आज हीच दोन मापं जगभर लावते. व्यापार, मदत, शस्त्रखरेदी, वकिलाती, करार अशा संबंधांचा पसारा किती आणि त्यात दुसरा देश किती अडकलेला, हे प्रत्येक जोडीसाठी काढतात. जगाचा एकूण हिशेब केला तर अमेरिका अजून पुढे दिसते, पण आफ्रिकेतल्या आणि आग्नेय आशियातल्या अनेक देशांत चीनने तिला ओलांडलंय. मला हे माप आतापर्यंतच्या मापांत सर्वांत प्रामाणिक वाटतं, कारण ते ‘प्रभाव’ म्हणत नाही, ‘प्रभाव पाडण्याची क्षमता’ म्हणतं.

क्षमता वापरून बघितली की काय होतं, याचा जणू प्रयोगच २०२० मध्ये झाला. कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी व्हावी, असं ऑस्ट्रेलियाने म्हटलं. तिच्या निर्यातीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माल चीन घेत होता. चीनने तिच्या बार्लीवर ८०.५ टक्के शुल्क लावलं, पुढे वाइनवर २१८ टक्क्यांपर्यंत, कोळसा अडवला. पण लोहखनिजाला हात लावला नाही. चीन आयात करतो त्या खनिजातलं साठ टक्क्यांच्या आसपास ऑस्ट्रेलियाचं. ते थांबवलं तर भट्ट्या कुणाच्या विझणार, हे बीड ओतणाऱ्या फाउंड्रीवाल्याला सांगायला नको. कोळशाला भारतासह दुसरी गिऱ्हाइकं मिळाली. वाइनवाल्यांचे मात्र खरोखर हाल झाले. पण झुकणं दूरच, उलट सप्टेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिका आणि ब्रिटनशी अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुड्यांचा करार जाहीर केला. चीनने बार्लीवरचं शुल्क ऑगस्ट २०२३ मध्ये काढलं, वाइनवरचं मार्च २०२४ मध्ये.