मिशन शाळेत गेलं की मूल बाटतं?

पुण्यात शाळाप्रवेशाचे दिवस आले की जुना समज पुन्हा डोकं वर काढतो: मिशनऱ्यांच्या शाळेत मूल घातलं की ते आज ना उद्या ख्रिस्ती होणार.

जोतीराव फुल्यांचंच बघा. १८४१ ते १८४७ ते पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. तिथेच सदाशिव गोवंडे हा ब्राह्मण मित्र भेटला, पुढे शाळांच्या कामात त्याची साथ मिळाली. १८४८ मध्ये मुलींची शाळा, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज. धर्मांतर मात्र नाही. देवालाही त्यांनी ‘निर्मिक’ असं आपलंच नाव दिलं. मिशनऱ्यांना हे पीक नक्कीच अपेक्षित नव्हतं!

धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होताच, तो झाकायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकातले मराठी लेखक बाबा पदमनजी मिशनच्या शाळांतून शिकले आणि ख्रिस्तीही झाले. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी भरले. शंभर-दीडशे वर्षांच्या शाळांचा हा हिशेब.

आणि राज्यघटनेचं कलम २८(३) तर स्पष्टच आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही.